अण्णांना ऐकू येणारे पक्षी

आमच्या गल्लीत पक्ष्याचा आवाज रेकॉर्ड करायचा तर लाईट जायची वाट बघावी लागते. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, घराच्या डाव्या हाताला एक कारखाना, समोर एक, मागच्या बोळात दोन, सगळे टॉवेल आणि चादरीचे, आणि माग चालू असले की फोन आला तर आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावं लागतं. लाईट गेली की सगळे माग थांबतात आणि त्यानंतर पाच-दहा सेकंद काहीच ऐकू येत नाही, कान नुसते सुन्न. मग एकेक आवाज वर यायला लागतो. आधी होल्याचा, मग चिमण्यांचा, मग कुणाच्या तरी परसातल्या शेवग्यावरच्या शिंजीरचा. माझं पहिलं रेकॉर्डिंग अशाच एका दुपारचं आहे, २२ सेकंदांचं, त्यात सोळाव्या सेकंदाला लाईट परत येते आणि पुढं नुसता खडखडाट. ती फाईल मी अजून ठेवलीय.

मेडिकल दुकान चालवणाऱ्या माणसाला हे कुठनं सुचलं असं बरेच जण विचारतात म्हणून सुरुवातीपासून सांगतो. दुकानात एक कॉलेजचे सर बीपीच्या गोळ्या न्यायला यायचे, पिशवीत कायम दुर्बीण. एकदा विचारलं तर म्हणाले, फेब्रुवारीत चार दिवस जगभरातली माणसं आपापल्या अंगणातले पक्षी मोजतात, भारतातपण २०१३ पासून चालू आहे, तुम्ही पण मोजा, पंधरा मिनिटं बसलं तरी चालतं. म्हणजे ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कठड्यावर जाऊन बसलो आणि वहीत नऊ जाती लिहिल्या. पारवे, घार, कावळा, साळुंकी, गायबगळा, ढोकरी, खंड्या, पाणकावळा, चिमणी. सरांना वही दाखवली. त्यांनी नीट वाचली आणि म्हणाले, हे सगळं डोळ्यांनी बघितलेलं आहे, कानांनी काय ऐकलं? मला उत्तर देता येईना. ते म्हणाले, फेब्रुवारीत त्या झाडीत तांबट ओरडत असणारच, टुक टुक टुक टुक, ऐकला असेल तुम्ही. आणि खरंच ऐकला होता, चांगला दहा मिनिटं ऐकला होता, पण कुठंतरी पाण्याची मोटर चालू असेल असं समजून सोडून दिला होता. पूर्व भागात वाढलेल्या माणसाला एका लयीतला आवाज म्हणजे मशीनचाच वाटतो.

तिथून पुढं मी ऐकायला लागलो.

आधी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाईटवर, खातं काढलं. फुकट असतं, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा चालवते, आणि मोबाईलवर मराठी नावंसुद्धा लावता येतात. यादी सुरू केली की वेळ आणि चाललेलं अंतर आपोआप मोजलं जातं, प्रत्येक पक्ष्यापुढं आकडा टाकायचा, आणि शेवटी एक प्रश्न येतो की तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का. हा प्रश्न मला आधी फालतू वाटला होता, पण सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. कारण तुम्ही होय म्हणालात आणि यादीत कोकीळ नसला तर त्याचा अर्थ कोकीळ त्या वेळी तिथं ओरडला नाही असा होतो, आणि नसणं हीसुद्धा नोंदच असते. नवीन माणूस काय करतो, कावळा-पारवा सोडून देतो आणि एखादा वेगळा पक्षी दिसला तरच लिहितो. अशा याद्यांनी शहरात काय कमी होतंय ते कधीच कळणार नाही. चिमण्या कमी झाल्या म्हणून आपण सगळेच हळहळतो पण चिमण्या मोजल्यात कुणी? मी तेव्हापासून रोज सकाळी गच्चीवर पंधरा मिनिटं आणि रविवारी कंबर तलावावर एक तास, असं धरलंय. एखादा दिवस चुकतो, पण धरलंय.

आता अण्णांबद्दल. माझे वडील. ३१ वर्षं त्यांनी मागावर काढली, आधी साध्या, मग जेकार्ड, म्हणजे नक्षीच्या चादरीच्या. मागाच्या खोलीत आवाज ९० डेसिबलच्या खाली कधी येतच नाही आणि त्या काळात कानात बोळे घालायची पद्धत कुणालाच माहीत नव्हती, आजही फारसं कुणी घालत नाही. त्यामुळं अण्णा मोठ्यानं बोलतात आणि आम्हीपण त्यांच्याशी मोठ्यानं बोलतो, आमच्या गल्लीत सगळ्याच घरात एक तरी माणूस असाच आहे. गच्चीवर मी फोन वर धरून उभा राहिलेला बघून ते पहिल्या आठवड्यात विचारायला लागले, "काय करालास बे सकाळ सकाळ?" मी म्हटलं पक्ष्यांचा आवाज धरतोय. तर म्हणाले, "कुठला पक्षी?" समोरच्या कडुलिंबावर राखी वटवट्या होता, दहा फुटांवर, सारखा जिमी जिमी जिमी जिमी चाललेलं, एवढ्याशा अंगातनं केवढा मोठा आवाज. अण्णा त्याच्याकडं बघत होते. चोच उघडताना दिसत होती त्यांना. आवाज येत नव्हता.

मला फार वाईट वाटलं त्या दिवशी. मी औषधं विकणारा माणूस, मला हे आधी कळायला पाहिजे होतं. पुढच्याच आठवड्यात कान तपासायला नेलं. काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावतात आणि बारीक बारीक सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. मग एक आलेख हातात देतात. डावीकडं खर्जातले सूर, २५० हर्ट्झपासून, आणि उजवीकडं ८००० पर्यंत. अण्णांची रेष १००० पर्यंत बऱ्यापैकी वर चालत होती, २००० नंतर उतरायला लागली आणि ४००० ला जाऊन खड्ड्यात पडली. तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या की आवाजानं बिघडलेला कान असाच असतो, पहिला मार ४००० च्या आसपास बसतो आणि मग खड्डा दोन्ही बाजूंनी रुंदावत जातो, गेलेलं परत येत नाही.

तोपर्यंत मी रेकॉर्डिंगची थोडी माहिती काढली होती. मर्लिन नावाचं ॲप आहे, तेपण कॉर्नेलचंच, ते आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं आणि रेकॉर्डिंग चालू असताना स्क्रीनवर आवाजाचं चित्र सरकत राहतं. त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. आडवा वेळ, उभा सूर किती उंच ते, आणि जिथं आवाज जास्त तिथं रंग गडद. त्या रात्री मी अण्णांचा आलेख आणि वटवट्याचं चित्र टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. वटवट्याच्या सगळ्या रेघा ३००० च्या वरच, बऱ्याचशा ४०००-५००० ला. म्हणजे बरोब्बर त्या खड्ड्यात. शिंजीरचं बघितलं, त्याच्याही वर. मग मी फोनमधली एकेक फाईल काढून बघत बसलो की अण्णांना यातलं काय काय उरलंय. होला उरला होता. कोकीळ उरला होता, त्याची कुऊ खालनं वर चढते पण फार उंच जात नाही. भारद्वाज तर एकदम खर्जात, हूप हूप हूप. आणि तांबट. तांबटाचं चित्र म्हणजे खाली, १००० च्या आसपास, ओळीनं मांडलेले ठिपके, प्रत्येक ठिपका सारखा आणि दोन ठिपक्यांत अंतरही सारखं.

म्हणून मी ठरवलं की तांबटाचं एक चांगलं रेकॉर्डिंग करायचं, अण्णांना हेडफोन लावून ऐकवता येईल असं. आणि इथंच खरी अडचण कळली. वटवट्या, शिंपी, शिंजीर यांचा आवाज गर्दीतही उठून दिसतो कारण रहदारीचा, मागांचा, डंपरचा सगळा आवाज खालच्या पट्टीत असतो, चित्रात तळाशी काळा चिखल साचल्यासारखा दिसतो. वटवट्या त्या चिखलाच्या वर उडतो. तांबट चिखलातच बसलेला असतो. म्हणजे अण्णांना जो पक्षी ऐकू येतो तोच माझ्या फोनला नीट ऐकू येत नव्हता.

यावर उपाय एकच, लवकर उठणं आणि जवळ जाणं. सरांनी सगळ्यात आधी फोनचं कव्हर काढायला लावलं, माईक खालच्या कडेला असतो तो पक्ष्याकडं धरायचा हे सांगितलं, आणि साधं व्हॉइस रेकॉर्डर वापरायचं नाही असं बजावलं, कारण ती ॲपं माणसाचा आवाज स्वच्छ करायला बनवलेली असतात, मागचा किलबिलाट त्यांना कचरा वाटतो आणि तो पुसून टाकतात, शिवाय फाईल दाबून लहान करतात. मर्लिन वेव्ह फाईल ठेवतं, ती मोठी असते पण आवाज जसाच्या तसा असतो. बाकी मग अंगवळणी पडायच्या गोष्टी. पायाखाली वाळका पाला असेल तर आधीच जागा बघून उभं राहायचं. शर्टाच्या बाहीचा आवाजसुद्धा येतो. पक्षी थांबला म्हणून लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर तरी चालू ठेवायचं, तो परत सुरू करतो. कुणी ओळखीचं भेटलं तर हातानंच नमस्कार करायचा, बोलायचं नाही, हे कंबर तलावावर फार अवघड आहे कारण सकाळी फिरायला अर्धं सोलापूर तिथं असतं आणि "काय डॉक्टर, काय चाललंय" असं दुरूनच ओरडून विचारतात, मेडिकलवाल्याला आपल्याकडं सगळे डॉक्टरच म्हणतात. आणि सगळं झालं की शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, जागा आणि पक्ष्याचं नाव बोलून ठेवायचं, नाहीतर महिन्यानं शंभर फायली होतात आणि कुठली कुठली ते कळत नाही.

तांबटासाठी मी नऊ दिवस सकाळी गेलो. मार्चची सुरुवात होती, थंडी संपलेली, ऊन अजून चढायचं होतं. तलावाच्या मागच्या बाजूला एका वाळलेल्या फांदीच्या शेंड्यावर तो रोज बसायचा, चिमणीएवढाच, जरा जाडसर, हिरवा, कपाळ आणि छाती कुंकवासारखी लाल. नवव्या दिवशी मी साडेपाचलाच जाऊन झाडाखाली बसून राहिलो म्हणजे तो आला तेव्हा मी तिथं आधीपासून होतो, त्यामुळं तो बुजला नाही. सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी सुरू झाला. दुर्बिणीतनं बघितलं तर चोच बंद! टुक म्हणताना तो चोच उघडतच नाही, गळ्याच्या दोन्ही बाजूंची कातडी फुगते आणि बसते, फुगते आणि बसते, आणि प्रत्येक टुकला डोकं थोडं वळवतो म्हणून आवाज कधी डावीकडनं आल्यासारखा वाटतो कधी उजवीकडनं. सव्वातीन मिनिटं मिळाली. मध्ये एक रिक्षा गेली तेवढंच.

घरी आल्यावर अण्णांना खुर्चीत बसवलं, हेडफोन लावला, माग अजून सुरू व्हायचे होते. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर आपटायला लागले, टुकला टुक. मी गप्प बसलो. सव्वातीन मिनिटं संपल्यावर म्हणाले, "परत लाव." परत लावला, तर यावेळी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मोजले. म्हणाले, "एका मिनिटाला एकशे बारा. आमचा जेकार्डचा माग याच वेगानं चालायचा बघ, शंभर-एकशेदहा धोटे मिनिटाला. ह्याचा धोटा अडकत नाही एवढंच." धोटा म्हणजे मागात आडवा धागा घेऊन इकडनं तिकडं पळतो तो. मी नंतर कॉम्प्युटरवर चित्र मोठं करून ठिपके मोजले. एकशे बाराच भरले.

ते रेकॉर्डिंग मी ईबर्डच्या यादीला जोडलं. जोडायच्या आधी फाईल कापायची असते, पक्ष्याच्या आधी आणि नंतर तीन सेकंद ठेवून, आवाज फार लहान असेल तर सगळ्या फाईलचा एकसारखा वाढवायचा, सगळ्यात मोठा ठोका उणे तीन डेसिबलपर्यंत जाईल एवढाच (फाईलच्या मापात शून्य म्हणजे सगळ्यात मोठा आवाज), आणि मागचा आवाज घासून-पुसून काढायचा नाही कारण त्याच्याबरोबर पक्ष्याचापण जातो. एकदा चढवलं की ते मॅकॉले लायब्ररीत जाऊन बसतं, तिथं जगभरातले पक्ष्यांचे आवाज साठवतात, संशोधक वापरतात. कंबर तलावावरचा तांबट तिथं आहे, मागं रिक्षासकट.

चुकापण झाल्या आणि त्या सांगितल्याच पाहिजेत कारण नवीन माणूस हमखास तिथंच अडकतो. एप्रिलमध्ये गच्चीवरनं एक चांगला शिक्रा रेकॉर्ड केला, टिट्यू टिट्यू, मर्लिननं नाव दाखवलं शिक्रा, मी लिहून टाकला. पुढच्या आठवड्यात तोच आवाज आला म्हणून वर बघितलं तर विजेच्या तारेवर कोतवाल बसलेला आणि आवाज तोच काढतोय. कोतवाल शिक्र्याची नक्कल हुबेहूब करतो. ॲपला काय दोष द्यायचा, ते ऐकतं, बघत नाही. मी आधीची यादी उघडून शिक्रा काढून टाकला, ईबर्डवर जुनी यादी कधीही दुरुस्त करता येते, आणि तेव्हापासून नियम केलाय की मर्लिननं नाव सुचवलं तर ते ओळखीच्या माणसानं कानात सांगितल्यासारखं धरायचं, स्वतः बघितल्याशिवाय किंवा आवाज पक्का माहीत असल्याशिवाय लिहायचं नाही.

जूनमध्ये पावशा. पहिला पाऊस पडून गेला होता, मी दुकान बंद करून रात्री दहाला येत होतो आणि शाळेच्या मैदानाकडनं तो ओरडत होता, पेरते व्हा, पेरते व्हा, प्रत्येक वेळी जरा वरच्या पट्टीत. अण्णांना बाहेर बोलावलं. त्यांना सुरुवातीची पेरते व्हा ऐकू आली, पुढं तो चढत गेला तसं तुटक व्हायला लागलं आणि शेवटची दोन आलीच नाहीत, पण त्यांना पुढचं पाठच आहे, बार्शी रोडवरच्या गावात शेतात वाढलेला माणूस. ते स्वतःच पुटपुटत होते.

आणि मग भोरड्या. ऑगस्टपासून यायला लागतात मध्य आशियाकडनं, ज्वारी हुरड्यात आली की शेतावर तुटून पडतात, एप्रिलपर्यंत असतात. अण्णांनी लहानपणी माळ्यावर उभं राहून गोफणीनं भोरड्या हाकलल्यात, ते त्यांना पक्षी म्हणतच नाहीत, धाड म्हणतात. नोव्हेंबरमध्ये होटगी रोडला एका संध्याकाळी प्रचंड थवा आला आणि मी यादीत ३००० लिहिलं. दोन दिवसांनी ईबर्डच्या तपासणाऱ्यांकडनं मेल आला, ही मंडळी बिनपगारी काम करतात, आपापल्या भागातले जाणकार असतात. अतिशय नम्र मेल होता, की आकडा मोठा आहे, कसा मोजला ते कळवाल का. मला कळवता येईना कारण मी मोजलाच नव्हता, अंदाज ठोकला होता. नशिबानं फोटो काढला होता. तो मोठा करून प्रिंट काढली आणि अण्णांसमोर ठेवली. ताण्याच्या तारा मोजण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्यांनी पेन्सिल घेतली, दहा-दहाचे गोल करायला लागले, मग दहा गोलांचा एक मोठा गोल, पाऊण तासात म्हणाले साडेअकराशे, पाच-पंचवीस इकडं तिकडं. मी आकडा बदलून ११५० केला आणि खाली कसा मोजला ते लिहिलं. नंतर कळलं की थवे मोजायची रीत अशीच आहे, आधी दहाचा गठ्ठा डोळ्यात बसवायचा आणि मग तो गठ्ठा थव्यावर ठेवत जायचा. अण्णांना ती कुणी शिकवली नव्हती.

त्याच महिन्यात पक्षी सप्ताह असतो, ५ ते १२ नोव्हेंबर. ५ तारीख म्हणजे मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, ते आपल्या सोलापूरचेच, २०२५ च्या जूनमध्ये इथंच गेले, आणि १२ तारीख सलीम अलींची. सर मला एका शाळेत घेऊन गेले होते आवाज ऐकवायला. पोरांना मोर आणि कोकीळ सोडून काही ओळखता येणार नाही असं वाटलं होतं, पण टिटवी, होला आणि पिंगळा तिन्ही ओळखले. पिंगळ्याला एक मुलगी म्हणाली आमची आज्जी ह्याला हाकलती, अशुभ असतोय म्हणून. मी तिला आमच्या गल्लीतल्या जोडीचा व्हिडिओ दाखवला, जुन्या वाड्याच्या भिंतीतल्या भोकातनं दोघं डोकं वरखाली करत बाहेर बघतात, आणि ते रात्री उंदीर आणि किडे खातात हे सांगितलं. वाडा कुठला ते मात्र सांगितलं नाही. घरट्याची जागा मी कुणालाच सांगत नाही, यादीतपण टाकत नाही, आणि विणीच्या दिवसात स्पीकरवर आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलवायचं हे तर अजिबात करू नये, नराला वाटतं दुसरा आला, अंडी सोडून भांडायला येतो. लोकं फोटोसाठी करतात हे, मला सहन होत नाही.

नान्नजलाही जाऊन आलो, बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर. १९७९ चं अभयारण्य, माळढोकासाठी केलेलं. माळढोक दिसला का असं परत आल्यावर प्रत्येकानं विचारलं. नाही दिसला. आता तो तिथं जवळपास उरलेलाच नाही आणि ईबर्डसुद्धा त्याची जागा मुद्दाम लपवून ठेवतं. पण पहाटे गवतात चंडोल वर वर चढत गात होते, आणि उजाडायच्या आधी रस्त्याच्या कडेला रातवा, चक चक चक चक्र्र्र, फरशीवर गोटी टाकली की ती टप्पे घेत घेत थांबते तसा. तिथं तळाला काळा चिखल नव्हता चित्रात. पूर्ण पांढरा कागद आणि त्यावर फक्त पक्षी. मी गाडीत बसून ते चित्र बराच वेळ बघत होतो.

अण्णांना आता मशीन घेतलंय, उजव्या कानाला. गल्लीत काढून ठेवतात कारण त्यातनं मागच मोठे होऊन येतात. कंबर तलावावर घालतात. वटवट्या ऐकू येतो म्हणाले, पण पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखा येतो. मी विचारलं मग काढू का, तर म्हणाले असू दे की, येतोय ना.

जानेवारीत गड्डा यात्रा असते तेव्हा सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला रेकॉर्डिंगचा प्रश्नच नाही, नंदीध्वजांची मिरवणूक, पाळणे, कर्णे, सगळं शहर तिथं, आणि तेव्हा तिथं माणसांचाच आवाज असायला पाहिजे. म्हणून यात्रा संपल्यावरच्या रविवारी आम्ही तुळजापूर रोडनं हिप्परग्याला गेलो, एकरुख तलाव, इंग्रजांच्या काळातला. अण्णा मागं बसलेले, मफलर, कानटोपी, मशीन खिशात कारण वाऱ्यात ते फार घुमतं. धुकं होतं. हळदीकुंकू बदकं आणि वारकरी पक्षी काठाजवळ होते, त्यांचं मी लिहून घेत होतो आणि पाण्याच्या पलीकडनं आवाज आला, जाडसर, नाकातला, आंग् आंग् आंग्, एकावर एक. माझ्या आधी अण्णांनी हात वर केला. "आलं की ओ ऐकू." पट्टकदंब होते, राजहंस म्हणतात आपल्याकडं, डोक्यावर दोन काळे पट्टे, उन्हाळ्यात तिबेट आणि मंगोलियाकडं असतात आणि हिवाळ्यात हिमालयावरनं उडत इकडं येतात. धुक्यातनं चौतीस आले, अण्णांनी मोजले, मी तेहतीस मोजले होते, परत मोजले तर चौतीसच. डोक्यावरनं गेले तेव्हा पंखांचा आवाजसुद्धा रेकॉर्ड झालाय.

फोन अण्णांच्याच हातात होता. रोज मला शेवटी बोलताना ऐकलेलं असल्यामुळं हंस पाण्यावर उतरून शांत झाल्यावर त्यांनी फोन तोंडाजवळ नेला आणि मागाच्या खोलीत बोलतात तेवढ्या मोठ्या आवाजात तारीख, वेळ, हिप्परगा तलाव, राजहंस चौतीस, असं बोलले. काठावरची दोन-तीन बदकं दचकून उडाली. ईबर्डवर चढवताना तेवढा भाग कापला, माझ्याकडच्या फाईलमध्ये तो आहे, दोन मिनिटं एकेचाळीस सेकंदांपासून पुढं.